झरीची गाडी शेवटी कोणी टाकली?

नसीम,

परवा मंगळवारी मी तुझा तास घेतला. कसा झाला ते सांगते, पण आधी थोडं भांडायचं आहे.

तू गेल्यापासून तुझ्या क्लासच्या खोलीला कुलूप होतं. विसाव्या दिवशी शाहीनने ते काढलं, टेबलं पुसली आणि मला फोन केला. तुझी धाकटी बहीण तुझ्याच वळणावर गेली आहे, तिलाही रडण्याचा कंटाळा लवकर येतो. म्हणाली, "बाजी, पोरी रोज जिन्यावर येऊन बसून राह्यल्या. रडतात अन् जातात. त्याहिले काही शिकवा आता." मी विचारलं, कुठवर आलं होतं? तिने तुझी वही चाळली आणि एकेक शब्द जोडत वाचलं, "स्ट्रक्चरचा ॲरे फंक्शनले पाठवणे. इथं थांबलं हाय."

मला हसू फुटलं. शाहीनला वाटलं मी रडते आहे, ती तिकडून "बाजी, पानी प्या, पानी प्या" करायला लागली. पण मी खरंच हसत होते, नसीम. एवढी मोठी सी भाषा, तिच्यात थांबायला तुला हीच जागा सापडली?

हा धडा तू कसा शिकवायचीस ते आपल्या अर्ध्या गावाला माहीत आहे. सगळं समजावून झालं की तू खुर्ची ओढून बसायचीस आणि सांगायचीस, पोरीहो, एकदा माझ्या चुकीनं कापसाच्या केंद्रावर झरीकडची गाडी, जी रांगेत पहिली होती, ती पार शेवटी गेली. मुली हसून लोटपोट व्हायच्या आणि तो धडा जन्मात विसरायच्या नाहीत. तुला मिट्टी दिली त्या दिवशी मी तुमच्या आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते, तिथेही तुझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने हीच गोष्ट काढली. रडत्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तुझी फूफी रागावली, मग तिलाही हसू आवरेना.

मी त्यांच्यात बसून गप्प राहिले. कारण ती चूक तुझी नव्हती, माझी होती. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत आपण दोघी त्यावर धड बोललो नाही. आणि आता तोच धडा मला घ्यायचा होता. तुझ्या मुलींसमोर उभं राहून तुझी गोष्ट तुझ्यासारखीच सांगायची, की खरं सांगायचं?

आठवतं का, आपण दोघी एकाच आठवड्यात त्या पहिल्या क्लासमध्ये लागलो. खाली कटलरीचं दुकान आणि वर चार कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. मी ढाणकीच्या शिंप्याची मुलगी, बीएस्सीला पहिली आल्याच्या तोऱ्यात. तू इथलीच, अब्बांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वाढलेली. जळक्या मोटारींची तांब्याची तार उलगडत लहानाची मोठी झालीस, म्हणून कुठलीही वस्तू आतून उघडून बघितल्याशिवाय तुझा तिच्यावर विश्वास बसत नसे. मी पुस्तकातलं वाक्य पाठ म्हणायचे आणि तू म्हणायचीस, "हे तं ठीक हाय वं. पन आत काय होऊन राह्यलं?"

पहिल्याच महिन्यात मी तुझ्या तासाला दाराबाहेर उभी राहून ऐकलं. तू फळ्याकडे पाठ करून बोलत होतीस.

"हे बगा पोरीहो. फंक्शन म्हंजे कामावर लावलेला मानूस. स्ट्रक्चर म्हंजे एका वावराचा कागद. मालकाचं नाव, गाव, किती एकर, काय पेरलं, सारं एकाच कागदावर. आता हा एक कागद त्या मानसाले देसान, तं सी त्याची झेरॉक्स काढून देते. त्यानं झेरॉक्सवर काट मारली, फाडली, चुलीत घातली, तरी तुमचा कागद पेटीत जसाच्या तसा. पन ॲरे म्हंजे वावरांची लाइनच्या लाइन. ते द्याचं म्हटलं तं सी मंते, इतक्या झेरॉक्स कोन काढन बाप्पा? हा घे पयल्या वावराचा पत्ता, जाय तिथंच. मंग तो मानूस तिथं जाऊन जे उपटन, ते खरंच उपटलं."

कोणीतरी विचारलं, त्याला कसं कळणार किती वावरं आहेत?

"शाब्बास! नाईच कळत त्याले. म्हून संग आकडा पाठवा लागते. शेवटचा धुरा कुठं हाय, हद्द कुठं संपते ते दाखवा त्याले. नाई दाखवला तं तो बाजूवाल्याच्या वावरात नांगर घालीन, अन् बाजूवाला काय तुमाले सोडते का?"

मी इतकी चिडले होते! व्याख्या नाही, पत्त्याला पॉइंटर म्हणतात हेही नाही, थेट नांगर. तास संपल्यावर जिन्यातच तुला गाठलं. म्हटलं, मुळात ॲरे फंक्शनला पाठवताच येत नाही, जातो तो फक्त पहिल्या घटकाचा पत्ता, हे तू सांगितलंच नाहीस. तू शांतपणे विचारलंस, "काम झालं का नाई?" झालं. "मंग पाठवलाच नं." मी म्हटलं, पाठवला नाही. तू म्हणालीस, पोचला. त्या दिवशी आपण तर्री पोहे खात पाऊण तास भांडलो, आणि पोहेवाल्या काकूंनी विचारलं, "कोनाचा काय पाठवाचा राह्यला वं पोरीहो? मी पाठवून देतो."

हे भांडण कधीच मिटलं नाही. तुझ्या शेवटच्या रविवारीही मी तुझ्या खाटेशी बसले होते, तर तू डोळे न उघडता म्हणालीस, "पाठवता येते." मी म्हटलं, नाही येत. तू हसलीस. शाहीन आतून ओरडली, आता तरी सोडा वं दोघीजनी. सोडलं असतं तर बोलायला काय उरलं असतं?

आणि ती वर्षं कशी होती! कापसाचं सगळंच बिनसलेलं होतं आणि आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणासाठी यायचं. बाहेरून माणसं यायची, वही काढायची, कोण मेलं तेवढंच विचारायची. एकदा असाच एक वार्ताहर पत्ता चुकून आपल्या क्लासमध्ये चढून आला. तू त्याला म्हणालीस, "बसा. इथं पोरी सी शिकून राह्यल्या. पयले हे एक फंक्शन समजून घ्या, मंग मी तुमाले गावांची नावं सांगतो." बिचारा अर्धा तास बसला. जाताना म्हणाला, मॅडम, मला समजलं. तू त्याला दारापर्यंत पोचवायला गेलीस आणि म्हणालीस, "मंग हे बी लिहा. इथं लोकं जगतात बी." त्याने लिहिलं की नाही कोण जाणे, आपण पुढे महिनाभर पेपर चाळत होतो.

त्याच हिवाळ्यात केंद्राचं काम आलं. कापूस संकलन केंद्रावर गाड्यांची ही गर्दी. झरीकडचं केंद्र त्या हंगामात बंद, म्हणून तिकडच्या गाड्यासुद्धा इतक्या लांब आलेल्या. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर, सगळं आवारात, रस्त्यावर, बाभळीखाली, जिथे जागा मिळेल तिथे पसरलेलं. आधी नंबरच्या चिठ्ठ्या द्यायचे, पण त्या चिठ्ठ्याच विकल्या जायला लागल्या, म्हणून केंद्राच्या साहेबांनी त्या बंद केल्या. त्यांना हवी होती कॉम्प्युटरची यादी. गाडी आली की नाव टाकायचं, सकाळी भोंग्यावर यादीप्रमाणे बोलवायचं. आपल्या क्लासच्या मालकांनी काम घेतलं आणि आपल्या दोघींना एक जुना कॉम्प्युटर देऊन तिथल्या पत्र्याच्या खोलीत बसवलं.

आपण गाडीचं स्ट्रक्चर लिहिलं. गाव, धन्याचं नाव, वाहन, कापसाचा ओलावा. तू म्हणालीस, "यात नंबर बी टाक." मी म्हटलं, कशाला? ॲरेमधली जागा हाच नंबर. जी गाडी पहिली आली ती पहिल्या जागेवर, उगाच जागा कशाला खायची. तू म्हणालीस, "जागा बदलते वं. नंबर नाई बदलत." मी बीएस्सीचा तोरा काढला. मेमरी, किलोबाइट, काय काय बोलले. तू खांदे उडवलेस आणि म्हणालीस, "बरं बाई, तू पयली आलेली."

मग साहेबांनी सांगितलं, लोकांना आपलं नाव शोधता यावं म्हणून भिंतीवर गावांच्या क्रमाने एक यादी लावा. मी लगेच फंक्शन लिहिलं. गाड्यांचा ॲरे घ्यायचा, गावाप्रमाणे लावायचा, छापायचा. बसल्या बसल्या झालं. संध्याकाळी यादी छापून भिंतीवर लावली, लोक गर्दी करून आपापलं गाव शोधायला लागले, आणि मी स्वतःवर खूश होऊन कॉम्प्युटर बंद केला.

तुला मुद्दाम सांगायला नको काय झालं ते. मी पत्ता पाठवला होता, नसीम. झेरॉक्स नाही, पत्ता. जी गोष्ट मी तुला जिन्यात उभी करून शिकवत होते तीच मी विसरले. फंक्शनने छापायच्या कागदापुरतं काही लावलं नव्हतं, खऱ्या गाड्यांची खरी रांगच गावाप्रमाणे लावून टाकली होती. आणि प्रोग्राम बंद होताना तीच फ्लॉपीवर उतरली. कोण आधी आलं हे जगात दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सकाळी भोंगा सुरू झाला. अकोलाबाजार. अकोलाबाजार. आर्णी. आर्णी. आर्णी. बाभूळगाव. आर्णीवाले आदल्या दुपारीच आले होते, त्यांनाही वाटेना की हे खरं आहे. बैल जुंपू की नको करत बसले. चारी बाजूंनी ओरडा सुरू झाला. त्या गोंधळात एक म्हातारा खिडकीशी आला, झरीकडच्या कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे पाड्यावरचा, आत्रामबाबा. भाच्याच्या मेटाडोरमध्ये कापूस घेऊन आलेला. तो ओरडला नाही. खिडकीचा गज धरून म्हणाला, "पोरी, म्या सोमवारपासून हाओ. पयला होतो. मायं नाव काहून नाई येऊन राह्यलं?"

मी यादी बघितली. गावांची नावं आपण इंग्रजीत टाकली होती. झरी, झेड. पहिल्या नंबरचा म्हातारा सगळ्यांच्या शेवटी.

साहेब आत आले, मागे लोक. "कोनं केलं हे?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात तू उभी राहिलीस आणि अगदी पाण्याचा ग्लास मागावा तसं म्हणालीस, "म्या केलं, साहेब. चूक झाली. दोन घंटे द्या, लाइन परत लावून देतो."

आणि तू मला हाताला धरून बाहेर ओढलंस. मला तेव्हा एकच दिसत होतं. माझ्या बाबांनी ढाणकीहून पाठवताना सांगितलं होतं, एक वर्ष बघू. नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर परत ये, स्थळं थांबत नाहीत. हे मी तुलाच सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाला नाही. मी गप्प बसले, नसीम. तू बोललीस आणि मी बोलू दिलं.

पण त्यानंतरची ती सकाळ! इतकी मजा आपण आयुष्यात पुन्हा केली नाही. तू एक वही घेतलीस, मला एक दिलीस आणि गाडीगाडीपाशी जाऊन एकच प्रश्न विचारायचा ठरवलंस: तुमच्या पुढं कोन आलं होतं? यादी गेली तरी माणसांना सगळं पाठ होतं. "मायाआंधी तो लाल बैलवाला." "मायाआंधी ते बकरी घेऊन आलेले." "मायाआंधी ती बाई, जिनं मले ठेचा देल्ला." प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माहीत, पण तेवढा पक्का माहीत. तू भर रस्त्यात थांबलीस, कपाळावर हात मारलास आणि ओरडलीस, "सुजे! ही तं लिंक्ड लिस्ट होय वं!" आजूबाजूच्या लोकांना वाटलं काहीतरी सापडलं. सापडलंच होतं. पुस्तकातला तो साखळीचा धडा आपण दोघींनी घोकला होता, पण तो असा बैलांच्या शेणातून उड्या मारत कधी शिकलो नव्हतो.

मग ते दोघे साडभाऊ. एकाला विचारलं तर म्हणे, "पयले हे आले." दुसऱ्याला विचारलं तर, "नाई नाई, हेच पयले." सासरच्या नात्यातला मान, कोणी मागे हटेना. तू वही मिटून म्हणालीस, "घ्या. इथं लूप पडला. हे दोघं असेच फिरत राह्यले तं पुढची सारी लिस्ट अटकली." शेवटी तू दोघांना चहा पाजलास आणि ज्याचा कप आधी संपला त्याला पुढे लिहिलंस. तो म्हणाला, "चहा तं म्या गरमच पेतो, त्यात काय?" पण ऐकलं.

दुपारच्या आत रांग लागली. काट्यावर पहिली गाडी आत्रामबाबाची चढली. माप झाल्यावर तो परत खिडकीशी आला, सदऱ्याच्या खिशातून मूठभर बोरं काढली आणि तुझ्यापुढे ठेवली. तू म्हणालीस, "बाबा, चूक झाली होती." तो म्हणाला, "झाली तं झाली. नीट बी केली नं." तू त्यातली अर्धी बोरं माझ्या हातात दिलीस. मी ती रुमालात बांधून ठेवली.

साहेबांनी मात्र वर कळवलं, मालकांनी तुला काढलं. त्या दिवशी पोह्याच्या गाडीवर मी म्हटलं, "नसीम, मी उद्या मालकांना—" तू म्हणालीस, "चूप बस. पोहे थंडे होऊन राह्यले." झालं. त्यावर आपलं एवढंच बोलणं.

पुढे तू अब्बांच्या दुकानावरची खोली झाडून घेतलीस आणि स्वतःचा क्लास काढलास. खालून वार्निशचा वास, वरून तुझा आवाज. ज्या घरांतून मुलींना संध्याकाळच्या क्लासला पाठवत नसत, त्या घरांतल्या आया तुझ्याकडे पाठवायच्या, कारण जिना अब्बांच्या दुकानातूनच चढायचा आणि अब्बा मान वर न करता कोण आलं कोण गेलं ओळखायचे. मी तिकडे नोकरीत टिकले, मग कॉलेजात लागले, बाबा ढाणकीत लोकांचे कपडे बेतताना माझी बढाई मारायला लागले. रविवार आपला ठरलेला. मी कितीदा ठरवून यायचे, आज बोलायचंच. जरा सुरुवात केली की तुला कळायचं कसं कुणास ठाऊक, तू लगेच म्हणायचीस, "ऐक नं, स्ट्रक्चरच्या पोटात ॲरे ठेवला अन् ते स्ट्रक्चर पाठवलं, तं साराच्या सारा ॲरे कॉपी होते. आता बोल, पाठवता येते का नाई?" आणि मी मूर्खासारखी त्या भांडणात शिरायचे. तू मला प्रत्येक वेळी अशीच चकवलीस. मला राग येतो त्याचा, आणि तुझ्या त्या चलाखीवर जीवही जडतो.

तर मंगळवार. मुली चार ओळींत बसलेल्या. तुझी खुर्ची तशीच ठेवलेली, मी तिच्यावर बसले नाही. मी पॉइंटर सांगितला, व्याख्या सांगितली, फळ्यावर चौकोन काढले. त्या ऐकत होत्या, पण शेजारच्या घरी जेवायला बसलेल्या मुलांसारख्या. तेवढ्यात मीच म्हटलं, "समजा, तुम्ही एका माणसाला वावराचा पत्ता दिला." सगळ्यांच्या माना वर झाल्या. बघ नसीम, मी हरले तिथे. पुढचा सगळा तास मी तुझ्या पद्धतीने घेतला, आणि तो छान झाला.

मग ती जागा आली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आता झरीची गोष्ट." मी खडू ठेवला. मी सांगितलं. ते फंक्शन मी लिहिलं होतं. नंबर नको असं मीच म्हटलं होतं. तुमच्या मॅडमनी माझी चूक अंगावर घेतली, त्यांची नोकरी गेली आणि माझी राहिली, आणि मी कधीच कोणाला सांगितलं नाही. आज सांगते आहे.

मला वाटलं होतं खोली सुन्न होईल. खोली काही सुन्न झाली नाही. पहिल्या ओळीतली प्रणाली म्हणाली, "हो मॅडम. माहीत हाय आमाले."

तिने उठून कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम उघडला. आपला तोच जुना, तू एक ओळ न बदलता जपलेला. फंक्शन जिने लिहिलं तिचं नाव वर टाकायची आपली सवय, मी पार विसरून गेले होते. गाव लावायच्या फंक्शनवर सुजाता. दरवर्षीच्या मुलींनी ते वाचलं होतं आणि दरवर्षीच्या मुलींनी तुला विचारलं होतं, की मॅडम, नाव तं सुजाताचं हाय, मंग तुमी तुमची चूक काहून सांगता?

"मंग काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं. मी चक्क वऱ्हाडीत विचारलं.

"म्हणे, मले माहीत होतं नंबर पायजे, अन् मी जोर नाई केला, तं मायी बी चूक झालीच नं," प्रणाली म्हणाली. "अन् म्हणे, ती ढाणकीले वापस गेली असती, तं मी भांडली असती कोनासंग?"

नसीम, मी तिथेच रडले. तुझ्या सगळ्या पोरींसमोर, रुमाल न शोधता. शाहीन पाणी घेऊन आली. वीस दिवसांत आले नव्हते इतके डोळे भरून आले, आणि त्याच वेळी मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता येत नाही. तू मला कधी माफ केलंस का, हे मला विचारायचं होतं. तू मला कधी गुन्हेगारच धरलं नव्हतंस.

आणि मी डोळे पुसत होते तोवर प्रणाली पडद्यावर बोट ठेवून खाली खाली जात होती. "पन मॅडम, एक गोष्ट सांगा. फंक्शननं लाइन बिघडवली, मान्य. पन प्रोग्राम बंद होताना, कोनाले काही न विचारता, बिघडलेली लाइन फ्लॉपीवर उतरवली कोनं? हे सेव्हचं फंक्शन बगा. याच्यावर नसीम मॅडमचं नाव हाय."

मी चष्मा लावून वाचलं. होतं. तुझंच. आणि त्यात विचारण्याची एक ओळ नाही.

मी म्हटलं, सेव्हने सांगितलं तेवढंच केलं, त्याचा काय दोष? प्रणाली म्हणाली, दोष कसा नाही, जुनी यादी तरी ठेवायची होती. मागची एक मुलगी म्हणाली, फ्लॉपीत जागा कुठे होती. तिसरी म्हणाली, होती, मी मोजली. एकच गलका झाला. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, बाकं सरकली, खालून अब्बांनी काठी आपटली. मी तुझी बाजू घेऊन घसा फोडत होते आणि तुझ्याच पोरी तुला सोडायला तयार नव्हत्या. तास केव्हाच संपला होता.

जिना उतरताना प्रणाली मागून आली. म्हणाली, "मॅडम, तुमचं पटलं नाई मले. रविवारी याल का?"

येते म्हटलं.